दुखणे चाळवले की चिघळले?

'डॉक्टर, त्रास वाढला,' एवढेच सांगून पिंप्राळ्यातील अनेक रुग्ण थांबतात. पण त्रास कसा वाढला, हे सांगणारे नेमके शब्द आपल्या मराठीत आहेत.

शांत असलेले दुखणे एखाद्या कारणाने पुन्हा जागे झाले, की ते 'चाळवले'. जिनिंगमधील कापसाच्या धुळीने दमा चाळवतो. आजार दिवसेंदिवस जोर धरू लागला, की तो 'बळावला'. जखम सुकण्याऐवजी पसरली, तीत पू झाला, की ती 'चिघळली'. दुखणे आवाक्याबाहेर गेले, की ते 'विकोपाला' गेले. आयुर्वेदातील 'प्रकोप' म्हणजे साचलेला दोष खवळणे. पावसाळ्यात वाताचा प्रकोप होतो, असे त्यात सांगितले आहे.

शब्द बदलला की उपायही बदलतो. दुखणे चाळवले असेल, तर औषध चालू ठेवून कारण टाळावे. बळावले असेल, तर डॉक्टरांकडून पुन्हा तपासणी करून घ्यावी. मधुमेही व्यक्तीच्या पायाची जखम चिघळू लागली, तर हळद दाबून वाट पाहू नये. पायाची संवेदना कमी झाल्याने ती पुष्कळदा दुखतही नाही. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. 'विकोपाला गेले' असे म्हणण्याची वेळच येऊ देऊ नये.