चित्र एक्सेलमध्ये का उतरत नाही?

संस्थेच्या सामानाची यादी असो वा सभासदांची नोंदवही, अशा कामांसाठी आज एक्सेल किंवा लिब्रे ऑफिस कॅल्क सर्रास वापरले जाते. नोंदीसमोर छायाचित्र लावू गेल्यास कधी कधी ते स्वीकारले जात नाही. मोबाईलवर मात्र तेच चित्र सुरेख दिसते! असे का होते?

दोष चित्रात नसून ते साठवण्याच्या पद्धतीत आहे. ॲपलने २०१७ साली आयओएस ११ पासून आयफोनवर ‘एचईआयसी’ हे स्वरूप आणले. जुन्या जेपीईजीच्या तुलनेत ते सुमारे निम्मी जागा घेते. गूगलने २०१० साली जाहीर केलेले ‘वेबपी’ हेही असेच आटोपशीर स्वरूप असून संकेतस्थळांवरील अनेक चित्रे त्यात असतात. ज्या संगणकाला वा आवृत्तीला हे स्वरूप वाचता येत नाही, तेथे चित्र उमटत नाही. लिब्रे ऑफिसला वेबपी वाचता येऊ लागले ते २०२२ मधील ७.४ या आवृत्तीपासून.

काही जण फाइलीच्या नावातील शेवटची अक्षरे बदलून ‘जेपीजी’ करतात. त्याने काही साधत नाही. डब्यावरची चिठ्ठी बदलली म्हणून आतला जिन्नस बदलत नाही. त्यासाठी चित्र उघडून नव्या स्वरूपात साठवावे लागते.

मॅकवर ‘प्रिव्ह्यू’मध्ये चित्र उघडून ‘एक्स्पोर्ट’ करावे. विंडोजवर ‘जिम्प’ हा विनामूल्य प्रोग्रॅम हेच काम करतो. छायाचित्रासाठी जेपीईजी निवडावे; अक्षरे असलेल्या कागदपत्रासाठी पीएनजी बरे, कारण त्यात अक्षरांच्या कडा स्पष्ट राहतात. नंतर एक्सेलमध्ये ‘इन्सर्ट’ व ‘पिक्चर्स’ या मार्गाने चित्र घ्यावे. आयफोनच्या ‘सेटिंग्ज’मध्ये ‘कॅमेरा’, ‘फॉरमॅट्स’ येथे ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडल्यास पुढील छायाचित्रे थेट जेपीईजीमध्येच साठतात.

तीन गोष्टी ध्यानी ठेवाव्यात. जेपीईजी दर वेळी साठवताना चित्राचा थोडा तपशील गळतो, म्हणून मूळ फाइल जपून ठेवावी. चित्र केवळ ‘लिंक’ करू नये. अन्यथा तक्ता दुसऱ्याकडे पाठवल्यावर चित्राची जागा रिकामी दिसू शकते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, स्वरूप बदलून देणाऱ्या अनोळखी संकेतस्थळांवर लोकांची ओळखपत्रे वा मुलांची छायाचित्रे चढवू नयेत. ती एकदा परक्या संगणकावर गेली की त्यांवर आपला ताबा उरत नाही. विश्वासाने दिलेली माहिती सांभाळणे हे नोंदवही ठेवणाऱ्याचे पहिले कर्तव्य होय.