चापाला टांगलेली बाटली

जत्रेत फुगे फोडायच्या बंदुकीचा चाप ज्याने ओढलाय, त्याला कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका वाचक मुलीचं दुखणं लगेच कळेल. ती लिहिते, ‘आमच्या क्लबात स्प्रिंगवाली एअर रायफल आहे. ट्रिगर ओढला की आधी सहज येतो, मग अडतो, मग करकरत थोडा सरकतो, आणि छर्रा सुटतो तेव्हा मीच दचकते. सगळे म्हणतात आतली स्प्रिंग थोडी काप. कापू का?’

नको. एक तर कापलेली स्प्रिंग परत जोडता येत नाही. शिवाय रोग कोणता ते अजून ठरलेलंच नाही. चाप जड असणं वेगळं आणि लांब असणं वेगळं. आपल्याकडे सर्रास एकाचं औषध दुसऱ्याला देतात.

एवढ्याशा चापाचं एवढं कौतुक कशाला? ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने २०२२ साली कैरोत १० मीटर एअर रायफलचं जगज्जेतेपद मिळवलं, त्या प्रकारात लक्ष्याच्या मधला दहा गुणांचा ठिपका असतो अर्ध्या मिलिमीटरचा. एका कड्यापासून पुढचं कडं अडीच मिलिमीटरवर. म्हणजे एक गुण घालवायला नळीचं तोंड साधारण ०.२ मिलिमीटर हललं तरी पुरे. वहीचे दोन कागद एकावर एक ठेवा, तेवढंच. आणि इथे तीन-साडेतीन किलोच्या बंदुकीवर आपण एका बोटाने दोन किलोचा जोर लावत असतो!

हा जोर लागतो कुठे? बंदूक भरताना पिस्टन मागे दाबला जातो आणि त्याच्या दांड्याच्या खाचेत पोलादाची एक जीभ अडकते. नेमबाज तिला सिअर म्हणतात. चाप ओढायचा म्हणजे ही जीभ खाचेतून सोडवायची. मुख्य स्प्रिंगचा रेटा समजा ५० किलो आहे आणि घर्षणांक ०.१५. म्हणजे जीभ सरकवायला साडेसात किलो हवेत. चापाच्या तरफेने त्याचा तिसरा हिस्सा केला, तरी बोटाच्या वाट्याला अडीच किलो येतातच.

आता कुणीतरी म्हणणारच, ‘जीभ खाचेत कमी अडकवा, घासणारी जागा कमी झाली की चाप हलका होईल.’ ऐकायला पटतं. पण घर्षणाला जागेशी देणंघेणं नसतं, असतं ते दाबाच्या जोराशी.

हे पहिल्यांदा कागदावर आलं त्याची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये लिओनार्दो दा विंचीची एक खिशात मावेल एवढी वही आहे. तिच्यातल्या १४९३ सालच्या एका पानावर वर एका म्हातारीचा चेहरा आहे आणि खाली लाल खडूने गिरगटलेल्या फिकट आकृत्या. १९२०च्या दशकात म्युझियमच्या संचालकांनी या आकृत्या बिनकामाच्या ठरवल्या होत्या. २०१६ साली केंब्रिजच्या इयान हचिंग्ज यांनी दाखवून दिलं, की घर्षणाच्या नियमांची सगळ्यात जुनी नोंद ती हीच. ओळीने मांडलेले ठोकळे, त्यांना बांधलेली दोरी, दोरी कप्पीवरून खाली आणि टोकाला वजन. ठोकळा आडवा ठेवा नाहीतर उभा, ओढायला जोर तेवढाच. वजन दुप्पट, तर जोर दुप्पट.

पण लिओनार्दोने ते छापलं नाही. २०६ वर्षांनी, १६९९ मध्ये, ग्योम आमोंताँ याने तोच नियम नव्याने शोधून पॅरिसच्या अकादमीपुढे मांडला. जागेचा संबंध नाही, हे तिथल्या विद्वानांच्या पचनी पडेना. ला इर याने प्रयोग करून पाहिले तेव्हा कुठे खात्री पटली. ऐन उमेदीच्या आधीच बहिरेपण आलेल्या आमोंताँबद्दल मला जरा जास्तच जिव्हाळा आहे. नियम त्याच्या नावाने शिकवतात खरे, पण मथळ्यात येतो लिओनार्दो.

तर मुद्दा असा, की खाचेतली पकड कमी केली तर चापाचा प्रवास आखूड होतो, वजन उतरत नाही. वजन उतरवायचं तर घासणाऱ्या जोडीवरचा रेटाच कमी करायला हवा. जर्मनीच्या वायराउख कंपनीच्या रेकॉर्ड ट्रिगरमध्ये तेच केलंय. एका जिभेऐवजी तरफांची साखळी, त्यामुळे चापाजवळच्या शेवटच्या जोडीपर्यंत ५० किलोंतला थोडासाच भाग पोचतो.

‘पिसासारखा ट्रिगर’ या जाहिरातीला मात्र भुलू नका. एअर पिस्तुलाला नियमाने किमान ५०० ग्रॅमचा चाप लागतो आणि त्यावरही नेमबाज ६००पैकी ५८०च्या वर जातात. चाप दर वेळी त्याच जागी, त्याच जोराला सुटला पाहिजे, मग तो थोडा जड असला तरी चालतो.

हे मोजायला लिओनार्दोचीच जुळणी कामाला येते. प्रशिक्षकांसमोर, रेंजवरच, बंदूक आडवी घट्ट टेकवायची, तोंड छर्रे अडवणाऱ्या पेटीकडे, पुढे कुणी नाही. छर्रा घालायचाच, कारण रिकामी सोडली तर पिस्टन थेट समोर जाऊन आदळतो. चापाला दोऱ्याचा फास, दोरा मुठीच्या दोन्ही बाजूंनी मागे, शिवणाच्या रिकाम्या रिळावरून खाली, टोकाला प्लास्टिकची बाटली. त्यात हळूहळू पाणी ओतायचं. एक मिलिलिटर म्हणजे एक ग्रॅम. बाटलीचं वजन धरून दहा वेळा मोजायचं. दहाही आकडे जवळपास सारखे आणि मोठे आले तर स्प्रिंग किंवा तरफा पाहायच्या. आकडे १४००, १९००, १५०० असे नाचत असले तर आत कचरा, वाळलेलं ग्रीस, नाहीतर काहीतरी भलतीकडेच घासतंय.

जिभेची पकड कमी-जास्त करणाऱ्या स्क्रूची पाळी त्यानंतर. आधी नेलपॉलिशने मूळ जागेची खूण, मग पाव-पाव फेरा. दर फेऱ्यानंतर भरलेल्या बंदुकीच्या दस्त्यावर, तोंड पेटीकडेच ठेवून, तळव्याने थाप मारून पाहायची. सुटली, तर पकड धोक्याइतकी कमी झाली, स्क्रू मागे. नळी मोडून भरायची बंदूक असेल तर छर्रा घालताना दुसऱ्या हाताने नळी धरूनच ठेवायची. जीभ सटकली तर नळी ज्या जोराने मिटते, त्यात बोटं मोडतात. सिअरला मॉलिब्डेनम डायसल्फाइडच्या ग्रीसचा टाचणीच्या टोकाएवढा ठिपका पुरे. त्याचे थर पत्त्यांच्या कॅटासारखे एकमेकांवरून घसरतात. तेलाचा फवारा मात्र नको. ते पिस्टनपुढे गेलं तर दाबलेल्या हवेच्या उष्णतेने पेट घेतं, डिझेल इंजिनात घेतं तसं.

हे सगळं मुलीला कळवलं. परवा तिचं उत्तर आलं. दहा आकडे, १३५० ते २१००. प्रशिक्षकांनी स्क्रूला हात न लावता चापाची पाती आणि लाकूड यांच्यामध्ये कागदाची पट्टी सरकवून पाहिली, ती एका बाजूला अडकली. पावसाळ्यात देवघराचं दार फुगावं तसा दस्ता फुगला होता. तेवढी कड पॉलिश पेपरने घासली आणि आकडे १३०० ते १३८० वर आले. लांबी मात्र तशीच आहे, असं ती म्हणते. आता पाव फेरा कुठल्या स्क्रूला, हे तिने खाली चित्र काढून विचारलंय. चित्रात बाटली बंदुकीपेक्षा मोठी आहे.