जुन्या चित्रफिती आणि त्या वाचणारीं यंत्रें

मराठवाड्यांतील मध्यमवर्गीय घरांत १९८५ ते २००० या काळांत लग्न झालें असेल, तर त्याची आठवण बहुधा एका काळ्या कॅसेटमध्यें बंद होऊन कपाटाच्या वरच्या फळीवर पडलेली असते. १९८२ च्या नोव्हेंबरांत दिल्लीस आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या, त्याच वर्षीं दूरदर्शनला रंग आला, आणि त्यापाठोपाठ व्ही.सी.आर. शहरोशहरीं पोंचला. आजच्या छत्रपति संभाजीनगरांत, म्हणजे त्या वेळच्या औरंगाबादेंत, तर पैठण रस्त्यावर चितेगांवीं व्हिडिओकॉनचे रंगीत संच तयार होऊं लागले. आणि मंगल कार्यालयांत सनईवाल्याच्या शेजारीं दिवा धरलेला पोऱ्या घेऊन शूटिंगवाला उभा राहिला. ज्या आजोबांचा आवाज आज दुसरीकडे कोठेंही उरलेला नाहीं, तो या कॅसेटमध्यें अक्षतांच्या गलबल्यांत अजून ऐकूं येतो.

या ठेव्याचें आयुष्य दोन्ही बाजूंनीं सरत आहे. प्लॅस्टिकच्या पट्टीवर बसविलेली चुंबकीय भुकटी हळूहळू क्षीण होते, ही एक बाजू. ती वाचणारें यंत्रच नाहींसें होत आहे, ही दुसरी. व्ही.सी.आर. करणारी अखेरची म्हणून ओळखली गेलेली जपानची फुनाई कंपनी. तिनें जुलै २०१६ मध्यें तें काम थांबविलें. तेव्हां चित्रफीत संगणकावर उतरवून घेण्याचें काम पुढें ढकलण्यासारखें राहिलेलें नाहीं. परंतु बाजारांत गेलेला गृहस्थ पहिला प्रश्न विचारतो तो संगणकाला जोडावयाच्या डबीचा. हा क्रम उलटा होय. डबी म्हणजे केवळ लिहून घेणारा कारकून, सांगणारा व्ही.सी.आर. आहे. सांगणारा अडखळत असेल, तर कारकुनाचें अक्षर कितीहि वळणदार असून काय उपयोग?

सांगणारा कां अडखळतो, हें थोडें समजून घेतलें पाहिजे. व्ही.एच.एस. पद्धतींत अर्धा इंच रुंदीची पट्टी सेकंदाला अवघी २३.३९ मिलिमीटर सरकते. एवढ्या मंद गतींत चित्र मावावें म्हणून वाचणारे हेड एका फिरत्या ड्रमवर बसविलेले असतात, आणि तो ड्रम मिनिटाला १५०० फेरे घेतो. भारतांतील पॅल पद्धतीच्या चित्रांत ६२५ ओळी असतात. सेकंदाचे दहा लक्ष भाग केले, तर त्यांतील ६४ भाग एका ओळीच्या वांट्यास येतात. पट्टी ताणली गेली, रबरी रोलर झिजून गुळगुळीत झाला, ड्रमची गति किंचित् डगमगली, कीं एखादी ओळ अंमळ आधीं तर दुसरी अंमळ उशिरा सुरू होते. हिमरूच्या मागावर प्रत्येक आडवा धागा निराळ्या जागीं सुरू झाला, तर शालीचा कांठ जसा वेडावांकडा होईल, तसे मग मांडवाचे खांब नागमोडी दिसूं लागतात. जुना कांचेच्या नळीचा दूरचित्रवाणी संच हा दोष पोटांत घालीत असे. संगणक तसा दयाळू नाहीं. तो गोंधळला कीं चित्रें गाळतो, आणि तासाभराच्या अखेरीस वधूचे ओठ एकीकडे व तिचा उखाणा दुसरीकडे, अशी फारकत होते.

यावरील उपाय म्हणजे टाइम बेस करेक्टर, अर्थात् वेळेचा दोष सुधारणारें उपकरण. येणारा संकेत तें आपल्या स्मृतींत सांठवितें व स्वतःच्या घड्याळाच्या तालावर बाहेर सोडतें. मलिक अंबरच्या नहरीचें पाणी हौदांत कमीजास्त वेगानें आलें, तरी हौदाच्या तोटींतून तें सारखेंच पडावें, तसाच हा प्रकार. त्यांत दोन जाती आहेत व त्यांची गल्लत फार होते. पहिली प्रत्येक ओळ सरळ करते. खांब उभे राहतात ते हिच्यामुळें. दुसरी संपूर्ण चित्र सांठवून त्याचा ताल बांधून देते. चित्रें गळत नाहींत व आवाज मागेंपुढें होत नाहीं, तें हिच्यामुळें. एकीचें काम दुसरीकडून पुरें होईल अशी अपेक्षा धरूं नये.

ओळी सुधारणारा करेक्टर कांहीं उंची व्ही.सी.आर.मध्यें मुळांतच बसविलेला असे. पॅनासोनिकचें एनव्ही-एफएस २०० किंवा जेव्हीसीच्या एचआर-एस मालिकेंतील वरच्या दर्जाचीं कित्येक यंत्रें या वर्गांतलीं. हीं एस-व्ही.एच.एस. जातीचीं असल्यामुळें त्यांना एस-व्हिडिओची जागाहि असते; तींतून उजेडाचा संकेत व रंगाचा संकेत वेगवेगळे निघतात आणि पिवळ्या पिनेच्या एकाच तारेंत त्यांची खिचडी होत नाहीं. दुसऱ्या जातीचें उपकरण निराळें घ्यावें लागतें, उदाहरणार्थ डेटाव्हिडिओचें टीबीसी-१०००; पण तें आतां जुन्या बाजारांतच मिळतें आणि स्वस्त नसतें. काटकसरीचा मार्ग म्हणून पॅनासोनिकच्या डीएमआर-ईएस १० या डीव्हीडी रेकॉर्डरमधून, रेकॉर्ड न करतां, संकेत नुसता पुढें नेतात. चित्राचा वरचा भाग झेंड्यासारखा फडफडत असेल, तर त्यानें नवल वाटावें इतका फरक पडतो. मात्र तो पूर्ण करेक्टरची जागा घेत नाहीं. ज्याला एकच वस्तु परवडते, त्यानें उत्तम स्थितींतला व्ही.सी.आर. घ्यावा, हेंच बरें.

परदेशांतील सल्ला जसाच्या तसा उचलणें घातक ठरतें. अमेरिकेंत वाखाणलें जाणारें पॅनासोनिकचें एजी-१९८० हें ५२५ ओळींच्या एनटीएससी पद्धतीचें आहे. औरंगपुऱ्यांतल्या लग्नाची पॅल कॅसेट त्यावर नीट चालावयाची नाहीं. उलट, अमेरिकेंतल्या मुलानें नातवाच्या बारशाची कॅसेट पाठविली असेल, तर ती येथल्या यंत्रावर दिसते खरी. पण त्यांतून बहुधा दोन्ही पद्धतींचा संकर बाहेर पडतो व पुष्कळ डब्या तो नाकारतात. त्या कॅसेटला तिकडचेंच यंत्र व विजेचा दाब उतरविणारा ट्रान्सफॉर्मर हवा.

करेक्टरची एक मर्यादाहि ध्यानांत ठेवावी. लग्नाचें मूळ चित्रण शूटिंगवाल्याकडे राहत असे. त्यावर फुलें, बदाम व चित्रपटगीतें चढवून त्यानें जी नक्कल दिली, तीच घरांत असते. नक्कल करतांना जो वांकडेपणा चित्रांतच उमटला, तो आतां चित्राचाच भाग झाला आहे; कोणताहि करेक्टर तो काढूं शकत नाहीं. महाग यंत्र आणूनहि खांब वांकडेच दिसले, तर दोष यंत्राला देऊं नये.

कित्येकदां उंची यंत्रावर फाटणारी कॅसेट एखाद्या साध्या व्ही.सी.आर.वर सुरळीत चालते, कारण ज्या यंत्रावर ती लिहिली गेली त्याची मोजणी या साध्या यंत्राशीं जुळते. म्हणून दुसरें यंत्र हाताशीं असावें, व ट्रॅकिंग प्रत्येक कॅसेटला नव्यानें जुळवावें. खिडकीतून पाहतां पट्टीच्या कडेवर पांढरी भुरी दिसली, तर ती बुरशी होय. तशी कॅसेट साफ केल्यावांचून यंत्रांत घातली, तर ती पट्टीहि खाते, हेडहि बिघडविते आणि पुढच्या कॅसेटलाहि लागण करते. नव्यानें विकत घेतलेल्या जुन्या यंत्रावर पहिली कॅसेट बिनमोलाची लावावी, लग्नाची नव्हे. आणि त्याहि आधीं, कॅसेटच्या कडेची चिमुकली प्लॅस्टिकची पट्टी मोडून टाकावी, म्हणजे चुकून रेकॉर्डचें बटण दाबलें गेलें तरी कांहीं पुसलें जाणार नाहीं.

संगणकावर पहिली प्रत घ्यावयाची ती न आवळतां घ्यावी. तिला तासाला सुमारें ३० ते ४० गीगाबाइट जागा लागते. नातेवाइकांना पेनड्राइव्हवर द्यावयाची लहान प्रत तिच्यावरून मागाहून काढतां येते. मूळ कॅसेट पूर्ण गुंडाळून, कोरड्या जागीं उभी ठेवावी व टाकून देऊं नये. उद्यां याहून चांगलें यंत्र हातीं आलें, तर तीच पुन्हां लागेल.