खिशातील हेडफोन ॲम्प्लिफायर : आकड्यांची जुळणी आणि हत्यारांची निवड

छोट्या इअरफोनला मोबाइलमधून येणारा ध्वनिसंकेत सहसा पुरतो. परंतु ज्यांचा संरोध, म्हणजे बदलत्या विद्युतप्रवाहाला होणारा एकूण विरोध, २५० किंवा ३०० ओहम असतो, असे स्टुडिओत वापरले जाणारे हेडफोन त्याच संकेतावर क्षीण वाजतात, कारण त्यांना लागणारा व्होल्टेज मोबाइलला बहुधा देता येत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी मोबाइल आणि हेडफोन यांच्यामध्ये ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा, खिशात मावणारा ॲम्प्लिफायर जोडतात. त्यात आपल्या गरजेनुसार फेरबदल करणाऱ्याचे लक्ष बहुधा महागड्या आयसीकडे लागलेले असते. फेरबदल साधतो तो मात्र सुट्या भागांचे आकडे एकमेकांशी जुळल्याने, आणि ते जुळले की नाही हे सांगणारे हत्यार हाताशी असल्याने.

या प्रकारातील अतिशय प्रचलित आराखडा चू मोय यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस प्रसिद्ध केला आणि तो ‘सीमोय’ या नावाने जगभर रूढ झाला. आठ पायांची एक आयसी, काही रोधक आणि कंडेन्सर, एक व्हॉल्यूम कंट्रोल आणि ३.५ मिलिमीटरचे दोन जॅक एवढाच त्याचा पसारा आहे. ध्वनिसंकेत शून्याच्या वर आणि खाली असा दोन्ही बाजूंना झुलत असल्याने आयसीला धन आणि ऋण असे दोन्ही व्होल्टेज लागतात, म्हणून ४.७ किलोओहमचे दोन समान रोधक आणि २२० मायक्रोफॅरडचे दोन कंडेन्सर यांच्या साहाय्याने ९ व्होल्टचे ४.५-४.५ असे दोन भाग पाडले जातात, आणि मधल्या बिंदूला आभासी ग्राउंड म्हणतात. वऱ्हाडातील अचलपूर-परतवाड्यासारख्या ठिकाणी टीव्ही आणि मिक्सर दुरुस्त करणाऱ्याच्या टेबलावरही यांपैकी बरेच भाग सापडू शकतात. ओपीए२१३४ ही आयसी मात्र मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीतून मागवण्याची वेळ येते, आणि म्हणूनच तिच्या जागी स्वस्त व सहज मिळणारी एनई५५३२ बसवण्याचा मोह होतो.

दोन्हींच्या पायांची रचना एकच असल्याने ही अदलाबदल सोपी दिसते, पण तिचा हिशेब आधी कागदावर मांडला पाहिजे. सीमोयमध्ये आयसीच्या प्रवेशाशी १०० किलोओहमचा रोधक ग्राउंडला जोडलेला असतो. एनई५५३२ आपल्या प्रवेशातून साधारण २०० नॅनोॲम्पिअर स्थिर प्रवाह घेते. त्या रोधकावर त्यामुळे २० मिलिव्होल्ट निर्माण होतात आणि आयसी त्यांनाही संकेत समजून वाढवते. मूळ आराखड्यात १० किलोओहम आणि १ किलोओहम या रोधकांच्या गुणोत्तरात १ मिळवून संकेत ११ पट वाढतो, म्हणजे हेडफोनवर सतत सुमारे २२० मिलिव्होल्ट राहतात आणि ३२ ओहमच्या हेडफोनमधून ७ मिलिॲम्पिअरच्या आसपास प्रवाह गाणे नसतानाही वाहत राहतो. या स्थिर व्होल्टेजलाच डीसी ऑफसेट म्हणतात. त्यामुळे हेडफोनचा पडदा आपल्या जागेवरून सरकलेला राहतो आणि आतील बारीक वेटोळे विनाकारण तापते. ओपीए२१३४ चा प्रवेश-प्रवाह काही पिकोॲम्पिअर इतकाच असल्याने तिच्याबाबत हा प्रश्न जवळपास उद्भवत नाही.

एनई५५३२ वापरायचीच असेल, तर १०० किलोओहमच्या जागी १० किलोओहमचा रोधक घ्यावा आणि त्याच्या आधीचा ०.१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर बदलून १ मायक्रोफॅरडचा लावावा. दोहोंचा गुणाकार तोच राहत असल्याने खर्जाची सीमा पूर्वीप्रमाणेच सुमारे १६ हर्ट्झवर राहते. शिवाय १ किलोओहमच्या जागी ३.३ किलोओहम बसवल्यास वाढ ११ वरून सुमारे ४ पटींवर येते आणि ऑफसेट सुमारे ८ मिलिव्होल्टवर उतरतो. वाढ कमी करण्याचा आणखी एक लाभ आहे: संवेदनशील इअरफोनला ११ पट वाढ इतकी जास्त होते की व्हॉल्यूम कंट्रोल अगदी सुरुवातीलाच थांबवावा लागतो, आणि तेथेच त्याच्या डाव्या-उजव्या बाजू नीट जुळत नाहीत. मात्र काही उत्पादक एनई५५३२ साठी दोन्ही बाजूंना किमान ५ व्होल्टची शिफारस करतात आणि एका बॅटरीतून ४.५ च मिळतात, याची नोंद घेऊन गरज भासल्यास दोन बॅटऱ्या जोडाव्यात. आयसी थेट बोर्डावर न डाखता आयसी बेसमध्ये बसवली, तर असे प्रयोग बोर्डाची पट्टी न उखडता करता येतात.

हत्यारांत सोल्डरिंग आयर्नचे स्थान मोठे आहे. अशा बारीक कामाला २५ वॅटचा आयर्न पुरतो. तापमान नियंत्रित करता येत असेल तर ३२० ते ३५० अंश सेल्सिअस योग्य ठरते. साध्या तांब्याचे टोक झिजले की कानशीने घासून पुन्हा कथील चढवता येते, पण लोखंडाचा मुलामा असलेल्या टोकाला कानस लावली तर मुलामा जाऊन ते लवकर निकामी होते. सोल्डर वायर २२ गेजची, म्हणजे सुमारे ०.७ मिलिमीटर जाडीची आणि आत फ्लक्स असलेली घ्यावी. ६० टक्के कथील व ४० टक्के शिसे असलेली तार १८३ ते १९० अंशांच्या दरम्यान वितळते. आयर्नचे टोक तांब्याची पट्टी आणि भागाचा पाय या दोहोंना एकाच वेळी टेकवून तार आयर्नला न लावता सांध्याला लावली, की दोन-तीन सेकंदांत वितळलेले कथील पायाभोवती चढून चकचकीत, आत वळलेला उतार तयार होतो. सांधा करडा, दाणेदार किंवा गोळ्यासारखा दिसला तर ते ‘ड्राय सोल्डर’ समजावे. डीसोल्डर पंपाने जुने कथील ओढून तो पुन्हा करावा.

वऱ्हाडातील हवामानाचाही या कामाशी संबंध येतो. उन्हाळ्यात घरोघरी चालणाऱ्या कूलरचा झोत टेबलावर आला तर टोकाची आणि सांध्याची उष्णता उडून ड्राय सोल्डरचे प्रमाण वाढते. धूर बाहेर जाणेही आवश्यक असल्याने खिडकीजवळ आणि सकाळच्या थंड वेळी काम करणे बरे. कोरड्या हवेत अंगावर स्थिर विद्युत साठते, म्हणून आयसीला हात लावण्यापूर्वी अर्थिंग केलेल्या धातूला स्पर्श करावा आणि आयर्न तीन पिनांचा असावा. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरचे आयुष्य तापमान १० अंशांनी वाढले की साधारण निम्मे होते. त्यामुळे ८५ ऐवजी १०५ अंशांचा कंडेन्सर घेणे येथे अधिक शहाणपणाचे. शिशाची तार हाताळल्यावर साबणाने हात धुणे तर कोणत्याही ऋतूत अनिवार्य आहे.

डबी धातूची असल्यास मोबाइलची खरखर बरीच अडते. पण जॅकच्या कड्यामुळे डबी आभासी ग्राउंडला जोडली जाते, आणि बॅटरीचे ऋण टोक किंवा, चार्जिंग सॉकेट बसवले असल्यास, त्याचा धातूचा भाग तिला टेकला तर अर्धा पुरवठा शॉर्ट होतो. म्हणून बोर्डाखाली जाड पुठ्ठा घालावा आणि सॉकेट प्लास्टिकचे निवडावे. हेडफोन जोडण्यापूर्वी आभासी ग्राउंडपासून दोन्ही टोकांचे व्होल्टेज समान आहेत का ते पाहावे आणि व्हॉल्यूम शून्यावर ठेवून आउटपुट जॅकवर ऑफसेट मोजावा. तो २० मिलिव्होल्टच्या आत असेल तर हरकत नाही, ५० च्या वर गेला तर हेडफोन जोडू नये. ओपीए२१३४ गाणे नसताना साधारण ८ मिलिॲम्पिअर घेते. मीटर याच्या चौपट-पाचपट दाखवत असेल, तर कुठेतरी शॉर्ट आहे किंवा आयसी कानाला ऐकू न येणाऱ्या कंप्रतेवर आंदोलित होत आहे, आणि दुसऱ्या शक्यतेत तिच्या पुरवठ्याच्या पायांलगत ०.१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर लावणे हा पहिला उपाय होय.

हे सारे मोजमाप साध्या डिजिटल मल्टिमीटरने होते. एका वेळी एकच भाग बदलावा, मोजावे, मगच ऐकावे. आणि ज्याच्याजवळ महागडी आयसी किंवा मल्टिमीटर यांपैकी एकाच वस्तूपुरते पैसे असतील, त्याने मल्टिमीटर घ्यावा.