निर्णय सिस्टरचा, सही डॉक्टरांची

परिचारिकेने रुग्ण तपासावा, आजाराचा अंदाज बांधावा आणि ठरलेल्या मर्यादेत औषधही द्यावे, ही कल्पना १९६५ साली अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड आणि डॉ. हेन्री सिल्व्हर यांनी सुरू केलेल्या अभ्यासक्रमातून आकाराला आली, आणि पुढे त्या देशात 'नर्स प्रॅक्टिशनर' हा स्वतंत्र परवाना असलेला व्यवसाय बनला. भारतात या नावाचे अभ्यासक्रम अतिदक्षता आणि प्रसूतिसेवा या क्षेत्रांत निघाले खरे, पण ते फार पसरले नाहीत. नर्स प्रॅक्टिशनरच्या तोडीचे काम आपल्याकडे रोज आणि मोठ्या प्रमाणावर चालते ते गावच्या उपकेंद्रात, आणि ते करणारी व्यक्ती समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली 'सीएचओ', म्हणून ओळखली जाते.

२०१८ साली आयुष्मान भारत योजनेत उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रे करण्याचे ठरले. आता त्यांच्या पाटीवर 'आयुष्मान आरोग्य मंदिर' असे लिहिलेले असते. सपाट प्रदेशात सुमारे ५,००० आणि डोंगरी वा आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, तेथे आरोग्य सेविका, आरोग्य सेवक, गावोगावच्या आशा आणि या सर्वांच्या पुढे सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम पूर्ण केलेला सीएचओ, अशी ही रचना आहे. महाराष्ट्रात या खुर्चीवर आयुर्वेदाचे पदवीधरही बसतात. त्यांच्या ॲलोपॅथी औषधे देण्याच्या हक्काचा वाद वेगळा, जुना आणि बराच गुंतागुंतीचा असल्याने तो येथे बाजूला ठेवला आहे. परिचर्येची पदवी घेऊन त्याच खुर्चीवर बसलेल्या व्यक्तीपुढे कोणते प्रश्न उभे राहतात, एवढाच येथील विषय आहे.

हे प्रश्न कायद्याच्या पुस्तकात शोधण्याआधी रक्तदाब मोजण्याच्या साध्या क्रियेत पाहणे बरे. तीस वर्षांवरील प्रत्येकाची रक्तदाब, मधुमेह आणि तोंडाच्या कर्करोगासाठी, तसेच स्त्रियांची स्तन व गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी तपासणी व्हावी, असा कार्यक्रम आहे, आणि उपकेंद्रात येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचे निमित्त 'बीपीची गोळी' हेच असते. रुग्ण शेतातून किंवा चढ चढून आलेला असतो, तंबाखूचा बार नुकताच भरलेला असतो, आणि परतीची एसटी गाठायची म्हणून त्याला घाई असते. त्याला निदान पाच मिनिटे पाठ टेकवून, पाय जमिनीवर सपाट ठेवून, न बोलता बसवणे, दंड छातीच्या पातळीत आणणे, दंडाच्या घेरानुसार पट्टा निवडणे आणि थोड्या अंतराने दुसऱ्यांदा मोजणे, या गोष्टी कौशल्याच्या वाटत नाहीत. परंतु यांतली एखादी चुकली तरी आकडा बदलतो, आणि १४०/९० ही रेषा ओलांडली की नाही यावर त्या माणसाला पुढे अनेक वर्षे गोळी घ्यावी लागेल की नाही हे ठरू शकते.

उच्च रक्तदाब नियंत्रणाचा जो राष्ट्रीय उपक्रम महाराष्ट्रासह पाच राज्यांत प्रथम सुरू झाला, त्याची पद्धत अशी की औषधाची पायरी आधीच लिहून ठेवलेली असते: पहिले औषध ॲम्लोडिपिन, त्याची मात्रा अमुक, महिन्याने पुन्हा तपासणी, आटोक्यात नसेल तर पुढची पायरी. निदान पक्के करून औषध सुरू करणे किंवा बदलणे हे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याचे काम, तर दर महिन्याला मोजमाप करून तीच गोळी पुढे देणे हे उपकेंद्राचे. कागदावर ही वाटणी स्वच्छ दिसते. प्रत्यक्षात गोळी सुरू झालेली एखादी बाई महिन्याने येते, रक्तदाब उतरलेला असतो, पण घोट्याशी सूज आलेली असते. सूज ॲम्लोडिपिनमुळे येऊ शकते, हे शिकलेल्या परिचारिकेला ठाऊक असते. तशी सूज हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारातही येते, हेही तिला ठाऊक असते. म्हणून ती बोटाने दाबून खळगा पडतो का पाहते, रात्री उशा वाढवाव्या लागतात का, चालताना दम लागतो का, लघवी कमी झाली का, हे विचारते, आणि ही बाई आजच केंद्रावर जायला हवी की पुढच्या आठवड्यात गेली तरी चालेल हे मनाशी ठरवते. या मनातल्या ठरवण्याला वैद्यकशास्त्रात निदानाचा विचार म्हणतात. केसपेपरवर मात्र 'पायाला सूज, वै. अ. यांना कळविले' एवढेच उरते.

उपकेंद्रातील कायदेशीर आणि नैतिक अडचणींचे मूळ या फरकात आहे. परिचारिकेने अधिकाराबाहेर जाऊन निर्णय घेऊ नये असे व्यवस्था सांगते, पण व्यवस्थेची मांडणीच अशी की तिने निर्णय घेतला नाही तर काम एक दिवसही चालणार नाही. मग तो निर्णय घेतला जातो आणि तो दुसऱ्या कोणाच्या तरी नावावर मांडला जातो.

ई-संजीवनी या सरकारी दूरवैद्यक सेवेत हे सर्वांत स्पष्ट दिसते. रुग्ण सीएचओसमोर बसतो, पडद्यावर दूरच्या केंद्रातील डॉक्टर येतात, बोलणे होते आणि औषधचिठ्ठी डॉक्टरांच्या नावाने निघते. मार्च २०२० मध्ये लागू झालेल्या दूरवैद्यक मार्गदर्शक तत्त्वांनुसार औषध लिहून देण्याचा अधिकार फक्त नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिकाला आहे. परंतु डॉक्टरांना पोट चाचपता येत नाही, छातीला स्टेथोस्कोप लावता येत नाही. त्यांना जे कळते ते सीएचओने काय विचारले, काय पाहिले आणि त्यांतले काय सांगितले यावरच. सांगण्याचा क्रम बदलला तर चिठ्ठीही बदलू शकते, इतका या मध्यस्थीचा वाटा मोठा आहे. याच तत्त्वांत संमतीविषयी एक बारीक तरतूद आहे: रुग्णाने स्वतः होऊन दूरसल्ला मागितला तर त्याची संमती गृहीत धरता येते, मात्र आरोग्य कर्मचाऱ्याने तो सुरू केला तर रुग्णाची स्पष्ट संमती घेऊन नोंदवावी लागते. उपकेंद्रात 'चला, आपण डॉक्टरांशी बोलून घेऊ' असे सुचवणारी बहुधा सिस्टरच असते, म्हणजे तेथे जवळपास प्रत्येक वेळी स्पष्ट संमतीचीच गरज असते; आणि दारात रांग असताना 'हो, लावा की फोन' एवढ्या उत्तराला संमती मानायचे का, हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही.

आता कायदा. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याचे कलम ३४ राज्य वा राष्ट्रीय नोंदवहीत नाव नसलेल्या व्यक्तीला वैद्यक व्यवसाय करण्यास मनाई करते, आणि त्यासाठी एक वर्षापर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही सांगते. त्याच कायद्याच्या कलम ३२ मध्ये 'सामुदायिक आरोग्य सेवा प्रदाता' या वर्गाला मर्यादित परवाना देण्याची सोय आहे. असा परवानाधारक प्राथमिक व प्रतिबंधक सेवेत ठरावीक औषधे स्वतंत्रपणे आणि इतरत्र डॉक्टरांच्या देखरेखीखाली देऊ शकतो. पण हा परवाना पदावर नेमणूक झाली म्हणून आपोआप मिळत नाही, त्याची पात्रता विनियमांनी ठरवावी लागते. औषधविषयक नियमांच्या अनुसूची 'के'मध्ये उपकेंद्रांतून सरकारी कार्यक्रमाखाली वाटल्या जाणाऱ्या औषधांना विक्री परवान्याच्या अटींतून सूट आहे. ती सूट वाटपापुरती असून, कोणते औषध द्यायचे हे कोणी ठरवावे याविषयी ती काहीच सांगत नाही. सारांश, परिचारिकेच्या हाती उरतात ती मार्गदर्शक सूचनांची पत्रके आणि स्थायी आदेश, म्हणजे अमुक लक्षणे दिसल्यास अमुक औषध अमुक मात्रेत द्यावे, असा डॉक्टरांनी किंवा विभागाने आधीच देऊन ठेवलेला लेखी हुकूम. आजारी नवजात बाळाला जेंटामायसिनचे इंजेक्शन देण्याची मुभा आरोग्य सेविकांना २०१४ साली अशाच सूचनांनी मिळाली. गरज पडेल तसे एकेक औषध मोकळे करायचे, ही आपली रीत.

स्थायी आदेशांचे मोल परदेशातही न्यायालयांत जोखले गेले आहे. अमेरिकेतील मिसूरी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली 'सर्मचीफ विरुद्ध गोन्झालेस' खटल्यात, लेखी आदेशांनुसार कुटुंबनियोजन केंद्र चालवणाऱ्या परिचारिका बेकायदा वैद्यक व्यवसाय करीत नाहीत असा निर्णय दिला. त्याला राज्याच्या सुधारित परिचर्या कायद्याचा आधार होता. आपल्याकडचा तुलनेजोगा निकाल उलट दिशेचा आहे. मुंबईतील एका होमिओपॅथी डॉक्टरने ॲलोपॅथीची औषधे दिल्याच्या 'पूनम वर्मा विरुद्ध अश्विन पटेल' (१९९६) या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, ज्या शास्त्राची नोंदणी नाही त्यात उपचार करणे हाच निष्काळजीपणा होय, तो वेगळा सिद्ध करावा लागत नाही. तो निकाल परिचारिकांविषयी नाही, हे खरे. तरीही लेखी आदेशाची चौकट सोडून औषध देणाऱ्या सिस्टरविरुद्ध वकिलाच्या हाती पहिला कागद तोच येईल.

चौकट सोडण्याचा दबाव मात्र बाहेरून येतो. 'एक सलाईन लावा, अंगात ताकद नाही' ही मागणी महाराष्ट्रातल्या कोणत्याही उपकेंद्राला नवी नाही. नकार दिला की माणूस जवळच्या बाजारगावी जातो, पैसे देऊन सलाईन लावून घेतो आणि सरकारी दवाखान्यात काही मिळत नाही असे सांगत फिरतो. गावकरी सीएचओला सरसकट 'डॉक्टर मॅडम' म्हणतात, आणि प्रत्येक वेळी ते दुरुस्त करीत बसणे अवघड असले तरी, आपण डॉक्टर नाही हे रुग्णाला कळलेले असणे हा संमतीचाच भाग आहे. कोण तपासत आहे हेच ठाऊक नसेल तर दिलेल्या होकाराला फारसा अर्थ राहत नाही.

गोपनीयतेची बाब याहून नाजूक. तपासणी एका खोलीत, बाक दाराबाहेर, आणि घरोघरी जाऊन माहिती भरणारी आशा त्याच गावची सून. मिश्रीमुळे गालात पांढरा चट्टा दिसलेली बाई, क्षयाचे निदान झालेला तरुण, लग्नाआधी रक्त तपासायला आलेली मुलगी, यांची बातमी बाहेर पडायला कोणी मुद्दाम सांगावे लागत नाही. आशा दोनदा दारात दिसली तरी पुरते. शहरी रुग्णालयासाठी लिहिलेले गोपनीयतेचे नियम येथे तोकडे पडतात, म्हणून जाणत्या सीएचओ साऱ्याच घरी सारख्याच वेळा जातात आणि केसपेपर उलटा ठेवतात.

याला मोबदल्याचीही बाजू आहे. कंत्राटी सीएचओच्या मासिक मिळकतीचा एक भाग कामाच्या निर्देशांकांवर अवलंबून असतो. किती तपासण्या, किती दूरसल्ले, किती नोंदी, हे मोजले जाते आणि घोट्याच्या सुजेवर खर्च झालेली वीस मिनिटे मोजली जात नाहीत. दूरसल्ल्यांच्या संख्येवर पैसे ठरतात तेव्हा रुग्णाला पडद्यासमोर बसवण्यामागे त्याची गरज किती आणि आकड्याची गरज किती, हे बसवणाऱ्यालाही नेहमी सांगता येणार नाही. याचा दोष व्यक्तीकडे जात नाही, मोजपट्टी आखणाऱ्याकडे जातो.

चूक झाली तर भरपाईची जबाबदारी सरकारवर येऊ शकते. औरंगाबादच्या सरकारी स्त्री रुग्णालयातील १९६३ च्या शस्त्रक्रियेत पोटात राहिलेल्या टॉवेलच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली महाराष्ट्र शासनाला जबाबदार धरले होते. फौजदारी जबाबदारी मात्र ज्याची त्याची. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आहे. वैद्यकीय उपचार करताना तसे घडल्यास नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिकासाठी ही मर्यादा दोन वर्षांवर आणली आहे, आणि असा व्यावसायिक म्हणजे वैद्यकीय आयोगाच्या कायद्याखालील नोंदवहीत नाव असलेला, अशी व्याख्या कलमातच दिली आहे. परिचारिकेचे नाव परिचर्या परिषदेच्या नोंदवहीत असते. तोच लेखी आदेश पाळून, तेच इंजेक्शन, त्याच खोलीत डॉक्टरने दिले तर कमाल शिक्षा दोन वर्षे आणि सिस्टरने दिले तर पाच, असा या कलमाचा सरळ वाचून निघणारा अर्थ आहे.