अपूचे लग्न आणि सावळजची बतावणी

कार्टून म्हणजे पोरांचा खेळ, ही समजूत आपल्याकडे अजून पक्की आहे. अमेरिकेत तिला मोठा धक्का दिला तो ‘द सिम्प्सन्स’ या मालिकेने. १७ डिसेंबर १९८९ रोजी ती सुरू झाली आणि अजून चालू आहे. अणुवीज केंद्रात नोकरी करणारा आळशी, खादाड बाप होमर, घर सावरणारी मार्ज, वांड बार्ट, हुशार लिसा आणि तोंडात चोखणी घेतलेली मॅगी, असे हे पाच जणांचे कुटुंब. चित्रे पोरांना आवडतील अशी, पण बोलणे थोरांचे. नवरा-बायकोची भांडणे, दारू, धर्म, राजकारण, काहीही वर्ज्य नाही. या मालिकेच्या एकाच भागाविषयी मला लिहायचे आहे, आणि तेही सांगली-साताऱ्याच्या तमाशाच्या अंगाने. हा भाग पाहताना मला पदोपदी वाटत राहिले की हा तर वग आहे. पुढे त्यातल्या पात्रावरून जो वाद झाला, त्याने तमाशाविषयीचाच एक जुना प्रश्न नव्याने समोर आणला. हसण्याचा अधिकार कुणाचा, आणि ते हसणे थांबवण्याचा कुणाचा?

भागाचे नाव ‘द टू मिसेस नहासपीमापेटिलॉन्स’. तो १६ नोव्हेंबर १९९७ रोजी दाखवला गेला; लेखक रिचर्ड ॲपल. सिम्प्सन कुटुंबाच्या गावात अपू नावाचा भारतीय माणूस किराणा दुकान चालवतो. त्याचे नाव सत्यजित राय यांच्या चित्रपटत्रयीतल्या अपूवरून ठेवलेले आहे. हा अपू ब्रह्मचारी. गावातल्या बायकांना तो अचानक आवडू लागतो आणि त्याचे दिवस मजेत चाललेले असतात, तोच भारतातून आईचे पत्र येते. लहानपणी ठरलेले लग्न आता उरकायचे आहे, मुलगी मंजुळा. होमर सल्ला देतो, ‘माझे लग्न झाले आहे’ असे कळवून टाक. तेवढ्यात आई स्वतःच येऊन थडकते. मग होमरची बायको मार्ज हिलाच अपूची बायको म्हणून उभे केले जाते. अखेर मार्ज आणि होमर एकाच अंथरुणात आईच्या दृष्टीस पडतात आणि बिंग फुटते. लग्न सिम्प्सनांच्याच घरी लागते. ते मोडण्यासाठी होमर गणपतीचे सोंग घेऊन येतो, आणि ते सोंग तत्काळ उघडे पडते. इतक्यात अपू आणि मंजुळा एकमेकांशी दोन शब्द बोलतात, आणि दोघांच्या ध्यानात येते की जोडा काही वाईट नाही.

खोटी बायको, भोळी पण करडी आई, उलटा सल्ला देणारा मित्र, भलत्या वेळी उघडलेले दार आणि देवाचे सोंग. यातला एकही ऐवज आमच्याकडच्या फडाला नवा नाही. माझे लहानपण तासगाव तालुक्यात गेले. याच तालुक्यातल्या सावळजचे उमाजी-बाबाजी सावळजकर यांनी १८६५ मध्ये ‘मोहना-बटाव’ रचला आणि तो पहिला वग मानला जातो. तोवर गण, गवळण, लावणी, बतावणी असा तमाशा होता. वगाने त्याला सलग गोष्ट दिली. सांगली तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता. दक्षिण सातारा जिल्हा १९४९ मध्ये वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. तासगाव आणि वाळवा हे तालुके मुळात जुन्या साताऱ्याचे. वाळव्यातल्या रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव आणि वाटेगावचे अण्णा भाऊ साठे हेही याच मातीतले.

या भागातली सगळ्यांना खटकलेली गोष्ट म्हणजे होमरचे गणपतीचे सोंग. पण तमाशात देवाची थट्टा होत नाही का? होते, आणि भरपूर होते. गवळणीत कृष्ण आणि पेंद्या मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींची वाट अडवतात, आणि लुगडे नेसलेला पुरुष, म्हणजे मावशी, साक्षात कृष्णाची पार बोळवण करून टाकते. लोक पोट धरून हसतात. मात्र त्याआधी गण झालेला असतो. ज्याची पुढे थट्टा करायची त्या देवाच्या घराण्याला आधी हात जोडलेले असतात. शिवाय थट्टा करणारा आणि ऐकणारा या दोघांचा देव एकच असतो. होमरच्या सोंगामागे असे नाते नाही. त्याच्या लेखी तो हत्तीच्या तोंडाचा एक मुखवटा आहे.

तमाशातल्या विनोदाची दिशा कळायची तर बतावणी ऐकावी. सरदार आणि सोंगाड्या समोरासमोर उभे राहतात. सरदार शहाणपणाचे विचारतो, सोंगाड्या अडाणीपणाचे उत्तर देतो, आणि त्या अडाणी उत्तरात शहाण्याची लबाडी उघडी पडते. हे संवाद लिहिलेले नसतात. गाव बदलले की बतावणी बदलते. त्या गावचा पाटील, त्या वर्षीचा पाऊस, त्या पंचक्रोशीतली निवडणूक तिच्यात येते. सांगली-तासगाव रस्त्यावरच्या कवलापूरचे काळू-बाळू हे जुळे भाऊ, लहू आणि अंकुश खाडे, ‘जहरी प्याला’ या वगातल्या हवालदारांच्या जोडीने महाराष्ट्रभर गाजले. जत्रेतल्या कनातीत हवालदाराची फजिती चालू असताना खरा हवालदार बंदोबस्ताला तिथेच उभा असे, आणि तोही हसे. ज्याच्यावर हसायचे तो समोर हजर, त्याच्या हातात काठी, आणि हसवणारा मात्र रात्रीच्या सुपारीवर पोट असलेला. हसण्याची जोखीम हसवणाऱ्याच्या अंगावर होती.

अपूच्या बाबतीत हा हिशोब उलटा होता. त्याचा आवाज हँक अझारिया या गोऱ्या नटाने दिला होता, आणि त्या हेल काढलेल्या उच्चारावरच निम्मा विनोद उभा होता. होमरलाही लोक हसतात, मग अपूलाच का हसू नये, असे कुणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पण होमर मूर्ख ठरला म्हणून सगळे अमेरिकी मूर्ख ठरत नाहीत. पडद्यावर त्यांचे आणखी हजार चेहरे असतात. भारतीय माणसाचा मात्र बराच काळ हाच एक ठळक चेहरा होता. त्यामुळे तिथे वाढणाऱ्या आपल्या मुलांना शाळेत ‘अपू’ म्हणून चिडवले जाई. जोखीम हसवणाऱ्यावर नव्हती. ती त्या मुलांवर होती, आणि त्यांना उलट उत्तर द्यायला रंगमंच नव्हता.

उत्तर आले ते २०१७ मध्ये. हरी कोंडाबोलू या भारतीय वंशाच्या विनोदवीराने ‘द प्रॉब्लेम विथ अपू’ हा माहितीपट काढला. तो स्वतः ‘सिम्प्सन्स’चा चाहता, म्हणजे घरातलाच तक्रारदार. एप्रिल २०१८ मधल्या एका भागात मालिकेने त्याला टोलवून लावले. पूर्वी जे सर्वांना चालत होते ते आज चुकीचे ठरते, त्याला काय करणार, असा लिसाचा सूर होता. पण जानेवारी २०२० मध्ये अझारियाने अपूचा आवाज देणे थांबवल्याचे जाहीर केले, आणि पुढच्या वर्षी माफीही मागितली.

याच्याशेजारी आपल्याकडची एक घटना ठेवून पाहावी. स्वातंत्र्यानंतर लवकरच, बाळासाहेब खेर मुख्यमंत्री असताना, मुंबई राज्यात तमाशावर बंदी आली. कारण अश्लीलतेचे दिले गेले. पुढे ती उठली, पण संहिता आधी तपासून घेण्याच्या अटीवर. ज्या कलेत संहिताच नसते तिच्याकडे संहिता मागितली गेली. लिहून आणलेली बतावणी ही बतावणी राहत नाही. समोरच्या पाटलाचे नाव तीत कसे येणार? अपूवर आक्षेप घेतला तो ज्यांना हसले गेले त्यांनी. तमाशावर आक्षेप घेतला तो बव्हंशी ज्यांनी कनातीत पाऊल ठेवले नव्हते अशांनी. अमेरिकेत एका नटाने एक भूमिका सोडली. इथे महार-मांग समाजातल्या कलावंतांच्या कित्येक घरांची चूल अडचणीत आली. दोन्ही ठिकाणी ‘विनोदावर बंधन’ हाच शब्द वापरता येईल, पण दोन्हीचे वजन एक नाही.

तमाशाला मी निर्दोष ठरवत नाही. वरचाच निकष लावला तर नाचणाऱ्या बाईच्या बाबतीत तो नापास होतो. समोर बहुतेक पुरुष, मावशीचे दुहेरी अर्थाचे बोलणे, आणि शेरे झेलणाऱ्या बाईला उत्तराची वेळच नाही. तिथे जोखीम तिच्यावर होती. पण या दुखण्यावर बंदीहून चांगला उपाय आतूनच निघाला. अण्णा भाऊंनी ‘अकलेची गोष्ट’सारख्या लोकनाट्यांत गणपतीच्या जागी मायभूमीला आणि श्रमिकांना वंदन केले, सोंगाड्याची जीभ सावकाराकडे वळवली, आणि तमाशाचे रूप मात्र टिकवले. फडातच वाढलेला माणूस असल्याने काय काढावे आणि काय राखावे हे त्यांना कळत होते.

म्हणून विनोदाविषयी वाद निघाला की मी तीन प्रश्न विचारतो. ज्याला हसतो आहोत तो ऐकायला समोर आहे का? त्याला उलट बोलता येते का? हसण्याची किंमत कोण मोजते? १९९७ च्या त्या भागात याची अर्धी उत्तरे सापडतात. मंजुळा आणि अपू जेव्हा थेट एकमेकांशी बोलतात तेव्हा हेल मागे पडतो, आणि बघून दिलेल्या लग्नाला भिणारी दोन शहाणी माणसे तेवढी उरतात. तो प्रसंग आजही हसवतो आणि कुणालाही टोचत नाही.

पण २०२० नंतर अपू गर्दीत दिसतो आणि बोलत नाही. चुकीचा आवाज काढून घेतला, बरोबर आवाज दिला नाही. आमच्याकडचा सोंगाड्या एका गावात टाळी चुकली तर दुसऱ्या गावात बतावणी बदलून उभा राहत असे. गप्प बसणे त्याला ठाऊक नव्हते. अपूच्या जातकुळीचा एखादा लेखक त्याला पुन्हा बोलता करील, तेव्हा त्याची पहिली कोपरखळी होमरला असावी, अशी माझी इच्छा आहे.