सोडत लागलेली आणि न लागलेली

२०२१च्या जानेवारीत नाशिकच्या एका बाळाला मुंबईत शिरेवाटे औषध दिलं गेलं. आयुष्यात एकदाच द्यायचं. नाव झोलजेन्स्मा, किंमत सुमारे १६ कोटी रुपये. ते फुकट मिळालं, कारण नोव्हार्टिस कंपनीच्या जागतिक सोडतीत बाळाचा नंबर लागला होता.

आजार स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी. पालकांच्या तोंडी नुसतं ‘एसएमए’. जनुकातल्या दोषामुळे स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी मरत जातात. मूल मान धरत नाही, पुढे गिळणं आणि श्वासही अवघड होतो. साधारण दहा हजार जन्मांत असं एक मूल. म्हणजे गल्लीत, नात्यात शोधून दुसरं घर सापडत नाही. ते सापडतं मोबाइलवर.

२०१४मध्ये पालकांनीच ‘क्युअर एसएमए फाउंडेशन ऑफ इंडिया’ ही संस्था उभी केली. शिवाय व्हॉट्सअ‍ॅप-फेसबुकवर पालकांचे ग्रुप असतात. तिथलं बोलणं बाहेरच्याला रुक्ष वाटेल. सक्शन मशिन नीट ओढत नाही, नळी तुंबली की मोटर गेली? श्वासाच्या बायपॅप मशिनच्या मास्कने नाकावर वळ उठतोय, खाली काय लावू? मुंबईच्या केईएम रुग्णालयात कागद कोणते लागतात, पंचवटी एक्स्प्रेसने दादरला उतरून वेळेत पोचता येईल का? रात्री दोनला विचारलं तरी कोणीतरी जागं असतं. मुलाची कूस बदलायला त्या घरातही गजर लावलेला असतो.

‘आईकडूनच आलं,’ हा टोमणाही तिथे उलगडतो. एसएमएचा दोष बहुतेक वेळा आई-वडील दोघांकडून आलेला असतो. डॉक्टर हे सांगतातच. पण दुसऱ्या मुलाच्या बापाने सांगितलं की घरच्यांना लवकर पटतं.

सोडतीने मात्र या गोतावळ्याची परीक्षाच घेतली. अट दोन वर्षांच्या आतली. अभिनंदन करणाऱ्यांत सव्वादोन वर्षांच्या मुलाचे आई-बापही असणारच. जगण्याची चिठ्ठी काढायची का, असा सवाल युरोपातल्या रुग्णसंघटनांनीही केला होता. २०२१मध्येच लोकवर्गणीतून हे औषध मिळालेली पिंपरी-चिंचवडची चिमुरडी ऑगस्टमध्ये गेली. औषध मिळालं की सुटलो, या आशेलाच तेव्हा तडा गेला.

ग्रुप चुकतातही. अमेरिकेत एएलएस या चेतापेशींच्याच आजाराच्या रुग्णांनी ‘पेशंट्सलाइकमी’ या संकेतस्थळावर एकमेकांच्या नोंदी ठेवत लिथियम घेऊन पाहिलं, २०११मध्ये निष्कर्ष आला, उपयोग शून्य. तरी तो त्यांच्याच नोंदींतून निघाला, हेही खरंच.

केंद्राच्या दुर्मीळ आजार धोरणात २०२२पासून ५० लाखांपर्यंत मदत मिळू शकते; १६ कोटींपुढे ती कुठवर पुरणार? रिस्डिप्लाम हे तोंडाने घ्यायचं औषध सहा लाखांच्या आसपास बाटली होतं. पेटंटवरच्या न्यायालयीन लढाईनंतर ऑक्टोबर २०२५मध्ये नॅटको या भारतीय कंपनीची त्याच औषधाची बाटली १५,९०० रुपयांना आली. वीस किलोच्या मुलाला ती बारा दिवस पुरते, आणि फ्रिजमध्येच ठेवावी लागते. तेव्हा आता ग्रुपवर प्रश्न असा: आमच्याकडे रोज चार तास वीज जाते, काय करता तुम्ही?